झेंडूचा पिवळा फोनमध्ये जातो तेव्हा

जलरंगात काढलेलं झेंडूच्या तोरणाचं चित्र फोनवर उघडा आणि एखाद्या पिवळ्याधमक पाकळीवर पाण्याचा मोहरीएवढा थेंब ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो. त्यातून पाहिलं की पाकळी नाहीशी होते आणि तिच्या जागी लाल आणि हिरव्या ठिपक्यांची जाळी दिसते. निळे ठिपके जवळजवळ विझलेले असतात. पिवळा ठिपका मात्र एकही सापडत नाही, कारण फोनच्या पडद्यावर पिवळा दिवा नसतोच.

तरी आपल्याला पिवळा दिसतो, तो आपल्या डोळ्यांच्या काटकसरीमुळे. रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी डोळ्यात तीनच प्रकारच्या असतात. पिवळा प्रकाश आत आला की त्यांतले दोन प्रकार उद्दीपित होतात. लाल आणि हिरवा एकदम आत आले तरी तेच दोन प्रकार उद्दीपित होतात. मेंदूला मिळणारा निरोप दोन्ही वेळा एकच असल्यामुळे खरा पिवळा कोणता आणि बनावट कोणता, हे त्याला कळायला काही मार्गच नाही. कागदावरच्या रंगाची तऱ्हा वेगळी. तिथले रंगकण पांढऱ्या प्रकाशातला निळा-जांभळा भाग गिळतात आणि उरलेला सगळा, हिरव्यापासून लालपर्यंतचा, परत पाठवतात. म्हणजे तुमच्या टेबलावरचा झेंडू आणि साताऱ्यातल्या मावशीच्या फोनमधला झेंडू या दोन सर्वस्वी निराळ्या गोष्टी आहेत, आणि तरीही मावशी म्हणते, "अगं, काय रंग आलाय!"

घरात चित्रांसाठी एक कोपरा थाटायचा आणि तिथे झालेलं काम ऑनलाइन चार लोकांना दाखवायचं, ही हौस हल्ली पुष्कळांना आहे. आधी टेबल-ईझलची खरेदी, मग इन्स्टाग्रामचं खातं, अशी ही दोन वेगळी कामं समजली जातात. मला ती एकच वाटतात. खिडकीतून आत आलेला प्रकाश कागदावर आपटून, कॅमेऱ्यात शिरून, आकड्यांत मोडून पुन्हा कुणाच्या तळहातावर उजळतो. स्टुडिओ थाटायचा म्हणजे या प्रवासाची काळजी घ्यायची.

म्हणून ईझल बघण्याआधी फोनमधलं होकायंत्र उघडा.

चित्रकाराला उत्तरेची खिडकी हवी, हा युरोपातला जुना नियम. तिथे दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फारसं येत नाही, येतो तो आकाशाचा विखुरलेला, थोडा निळसर उजेड. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फारसा बदलत नाही, त्यामुळे मॉडेलच्या नाकाची सावली दहाला जिथे असते तिथेच तीनलाही सापडते. आपल्याकडच्या पुस्तकांनी आणि क्लासच्या मास्तरांनी हा नियम जसाच्या तसा उचलला. पण पॅरिस साधारण ४९ अक्षांशावर आहे. मुंबई १९ वर, पुणे साडेअठरावर आणि पणजी साडेपंधरावर. कर्कवृत्त महाराष्ट्राच्याही उत्तरेकडून जातं. त्यामुळे आपल्या डोक्यावरून सूर्य वर्षातून दोनदा ओलांडून जातो. शाळेतली मुलं मैदानात बाटली उभी करून शून्य सावलीचा दिवस पाहतात, तो हाच. मुंबई-पुण्यात पहिला असा दिवस मेच्या मध्यावर येतो आणि दुसरा जुलैच्या अखेरीस.

या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत क्षणभरही दक्षिणेकडे जात नाही. उत्तरेची खिडकी त्या दिवसांत उन्हाची खिडकी होते. दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा ऊन छज्ज्यावर अडतं, पण सकाळी आणि संध्याकाळी ते तिरपं आत घुसतं आणि थेट कागदावर येऊन पडतं. मुंबईत साधारणपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोसमी पाऊस पोचतो आणि अख्ख्या आकाशावर ढगांचा पांढरा पडदा ओढला जातो. ढगातून आलेल्या उजेडाला दिशा नसते, म्हणून सावल्याही कडक पडत नाहीत. युरोपातला चित्रकार ज्या उजेडासाठी जादा भाडं मोजायचा, तो आपल्याला पावसाळाभर फुकट मिळतो, तोही कुठल्याही दिशेच्या खिडकीतून. उरले मे-जूनचे चारेक आठवडे. तेवढ्यापुरतं खिडकीवर जुन्या धोतराचं पातळ पांढरं कापड लावलं की झालं.

उजव्या हाताने काम करणाऱ्यांनी खिडकी डावीकडे घ्यावी, नाहीतर हाताची सावली नेमकी कुंचल्याच्या टोकावर पडते. भिंत शक्यतो पांढरी किंवा फिकट करडी हवी. पिस्त्याच्या रंगाची भिंत आपला हिरवा उजेड कागदावर टाकते, आणि समोरची इमारत सोसायटीने गुलाबी रंगवून घेतली असेल तर तिचा गुलाबीही आत येतो. अंगातला केशरी टी-शर्टसुद्धा आपला वाटा उचलतो. टेबल, स्टूल, पाण्याचे दोन डबे आणि फडकं याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. टेबल डुगडुगू नये आणि पाण्याचा डबा चहाच्या कपाशेजारी नसावा, एवढं पुरे.

रात्रीचा प्रश्न अधिक गमतीचा आहे. साडीच्या दुकानात गेल्यावर आपल्या आया-आज्ज्या साडी उचलून दाराशी नेतात आणि म्हणतात, "जरा उजेडात बघू दे." दुकानात एवढे दिवे असताना कसला उजेड, असं दुकानदाराला वाटत असेल, पण त्या अगदी बरोबर असतात. दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटून वेगळे पडतात. मॅचिंग सेंटरमध्ये जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर जुळत नाही, तो याच कारणाने. सूर्यप्रकाशात सगळ्या तरंगलांबी असतात, दिव्यात त्यांचं प्रमाण निराळं असतं. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो आणि निळा-पिवळा मिळून डोळ्याला पांढरा वाटतो. हा निळा दिवा साधायला इतके कष्ट पडले की आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्त एलईडीत गडद लाल भाग मात्र तोकडा असतो. त्याखाली कुंकवाचा लाल मळकट दिसतो, मग चित्रकार तो वाढवत नेतो आणि सकाळी पाहतो तर चित्र भडक.

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. रंग किती खरे दिसतील याचं ते माप, १०० पैकी. तो ९० च्या वर बघून घ्या. यातही एक गोम आहे. हा आकडा ज्या आठ नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात ते सगळे फिक्या रंगांचे असतात, गडद लाल त्यांत धरलेलाच नसतो. लालसाठी आर९ असा वेगळा आकडा असतो. चांगल्या कंपन्या तो छापतात. तुम्ही फुलं, माणसांची कातडी किंवा लुगडी रंगवत असाल तर तो आकडा मुद्दाम शोधा.

आता कागदावर या. जलरंगाच्या थराखाली शुभ्र कागद असतो. प्रकाश वरून रंगाच्या थरातून आत जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. एकच रंग त्याला दोनदा गाळतो. म्हणून जलरंगात उजळपणा येतो तो कागदाचा. सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. दिव्याचा उजेड तिच्या बोटांतून आणि चेहऱ्यावर पसरलेला इतका खरा वाटतो की बघणारा मागे दिवा लपवलाय का ते शोधतो. ते जलरंगात आहे. कागद स्वतः प्रकाश देत नाही, त्याच्यावर पडलेलाच परत करतो, आणि त्याच्या सर्वांत उजळ व सर्वांत काळ्या भागातलं अंतर फोनच्या पडद्यापेक्षा कितीतरी कमी असतं. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर ज्योत पेटवायची म्हणजे काय कसब लागत असेल!

ओला रंग सुकला की फिका पडतो, याने नवशिके हैराण होतात. रंग कुठे उडून जात नाही. कण आणि तंतू यांच्यामधल्या फटींत आधी पाणी असतं, सुकल्यावर हवा शिरते. प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत पाणी कागदाच्या आणि डिंकाच्या जवळचं, हवा मात्र अगदी वेगळी. हवेने भरलेल्या फटींवर प्रकाश जास्त विखुरतो आणि त्या विखुरण्याने रंगात पांढुरका अंश मिसळतो. ओला रस्ता गडद दिसतो तो याच नियमाने. आणि सुकलेल्या डागाची ती गडद किनार? बशीखाली सांडलेल्या चहाला असते तीच ही. थेंबाची कड कागदाला घट्ट धरून बसते आणि तिथलं पाणी लवकर उडतं. ती तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण घेऊन जातं. चहा-कॉफीचे डाग माणूस इतकी वर्षं पुसत आला, पण त्यांचं हे कोडं नीट उलगडलं ते शिकागोतल्या संशोधकांनी, १९९७ साली 'नेचर'मध्ये. आपल्या पावसाळी हवेत पाणी सावकाश उडतं, म्हणून जुलैत आकाश रंगवताना रंग पसरायला जितका वेळ देतो तितका एप्रिलमध्ये देत नाही. दमट हवा कागदाला बुरशीही आणते, तेव्हा कोरे कागद बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवावेत.

ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचायची सवय लावून घ्या. नावं कंपन्या काहीही ठेवतात, पण कोड खरं सांगतो. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा. एके काळी हा बदख्शानच्या खाणीतल्या लाजवर्द दगडातून मिळायचा आणि सोन्याच्या तोलाने विकला जायचा. १८२८ मध्ये फ्रान्सच्या जाँ-बाप्तिस्त गिमेने तो कारखान्यात बनवून दाखवला आणि काही दशकांतच तो आपल्या मोरीत पोचला, कारण पांढऱ्या कपड्यांना घालायची जुनी नीळ पावडर म्हणजे पुष्कळदा हाच रंग असे.

चित्र झालं. आता ते फोनमध्ये घ्यायचं, आणि इथे खरी जादू सुरू होते.

कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाखो बारीक चौकटी असतात आणि त्यांतली प्रत्येक रंगांधळी असते. तिला फक्त उजेड कमी की जास्त एवढंच कळतं. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बायर यांनी त्यावर तोडगा काढला, त्याचं पेटंट १९७६ चं. प्रत्येक चौकटीवर एका रंगाची काच बसवायची, चारांतल्या दोन हिरव्या, एक लाल, एक निळी. हिरव्या दुप्पट, कारण उजेडाचा बारीक तपशील आपला डोळा मुख्यतः त्या पट्ट्यात टिपतो. म्हणजे १ कोटी २० लाख चौकटींच्या फोटोत प्रत्येक ठिकाणचा एकच रंग मोजलेला असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून गणिताने ठरवलेले असतात. तुमच्या चित्राच्या फोटोतला दोन तृतीयांश रंग अंदाजाचा असतो आणि तो अंदाज सहसा डोळ्याला पकडता येत नाही.

कॅमेऱ्याच्या दोन समजुती मात्र चित्रकाराला नडतात. एक म्हणजे समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडंच असणार, ही. बराचसा पांढरा कागद समोर आला की तो उजेड कमी करतो आणि कागद राखाडी निघतो. त्यासाठी फोटो घेताना पडद्यावर बोट टेकवून उजेड थोडा वर सरकवायचा. दुसरी समजूत पांढऱ्याबद्दलची. पिवळ्या बल्बखाली कागद पिवळा आणि सावलीत निळा येतो. आपला मेंदू ही चूक आपोआप दुरुस्त करतो, फोन तिथे अडखळतो. म्हणून एकाच प्रकारचा उजेड ठेवा. खिडकी आणि ट्यूबलाइट दोन्ही चालू असतील तर कागदाची एक बाजू निळी, दुसरी पिवळी येणार आणि मग कुठलंही ॲप मदत करणार नाही. चित्र खिडकीजवळ जमिनीवर ठेवा, खिडकीच्या विरुद्ध बाजूला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा आणि फोन कागदाला समांतर धरा. फार जवळ जाऊ नका. थोडं दूर उभं राहून दुप्पट झूमवर घेतलं की चौकट फुगलेली दिसत नाही.

या फोटोतला प्रत्येक रंग सुटा लिहायचा तर सुमारे ३६ एमबी जागा लागेल. पण फोनमध्ये तो तीन-चार एमबीत मावतो. हे श्रेय ज्यांचं आहे त्यांतलं एक नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला नवल वाटतं. नासिर अहमद मूळचे बंगळूरचे. १९७२ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे एका गणिती कल्पनेसाठी मदत मागितली आणि ती नाकारली गेली. तरी त्यांनी काम चालू ठेवलं आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह १९७४ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. हीच ती डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, आणि १९९२ चं जेपेग हे मानक तिच्यावरच उभं आहे.

ती करते काय? चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते. अशा प्रत्येक चौकोनातला उजेड-अंधार ६४ ठरावीक लहरींच्या बेरजेने मांडता येतो, काही संथ, काही अगदी बारीक. ६४ पट्ट्यांची हार्मोनियम समजा, कुठली पट्टी किती जोरात दाबायची एवढंच लिहून ठेवायचं. मग जेपेग सर्वांत बारीक लहरींचे आकडे ढोबळ करून टाकतं, कारण त्या गेल्या तरी डोळा फारशी तक्रार करत नाही. रंगाचा तपशीलही बऱ्याचदा निम्म्यावर आणतात, कारण आपल्याला उजेडातला फरक जेवढा कळतो तेवढा रंगातला कळत नाही. जलरंगवाल्याचं दुखणं असं की अल्ट्रामरीनचे दाणे कागदाच्या खळग्यांत बसून जो दाणेदार पोत तयार करतात, तो नेमका या बारीक लहरींत असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं आणि पोत पहिल्यांदा जातो. जाणकाराला दाखवायचं असेल तर तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटचा टप्पा पडद्याचा. तीन रंगांतून सगळे रंग उभे करता येतात हे जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये लंडनमध्ये चौकड्याच्या फितीचं छायाचित्र दाखवून सिद्ध केलं. मजा अशी की त्या काळच्या काचांना लाल प्रकाश टिपताच येत नव्हता. फितीतला लाल भाग अतिनील किरणही परावर्तित करत होता आणि तेच लाल गाळणीतून जाऊन काचेवर उमटले, हे शंभर वर्षांनी उलगडलं. योग्य सिद्धान्ताला चुकीच्या कारणाने दाद मिळाली. पण तीन दिव्यांतून खरोखर सगळेच रंग येत नाहीत. पडद्यांसाठी सर्रास वापरलं जाणारं एसआरजीबी हे मानक १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टने ठरवलं, तेव्हाच्या काचेच्या नळीच्या पडद्यांना जे जमत होतं त्यावरून. मोरपंखी किंवा फिरोजी रंगाच्या काही झळाळत्या छटा त्या कुंपणाबाहेर पडतात. सोनेरी वर्ख तर मानेच्या हालचालीने चमकतो, तो स्थिर फोटोत यायचाच नाही. असा रंग फोटोत मेलेला दिसला तर स्वतःला दोष देऊ नका.

घरोघरी चित्र पोचवताना रंगाशी तडजोड करावी लागते, हे राजा रविवर्म्यालाही चुकलं नव्हतं. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. त्या शिळाछापाईत एकेका रंगासाठी वेगळा दगड लागायचा. कॅनव्हासवरचं बरंच काही त्या दगडांत हरवलं, आणि तरी लक्ष्मी-सरस्वती देवघरांत जाऊन बसल्या. आज तुमच्याकडे तीन दिवे आहेत आणि छपाईचा खर्च नाही.

चित्र रंगवतानाचा व्हिडिओ करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला काळे सरकते पट्टे दिसतात. शटर एक शतांश किंवा एक पन्नासांश सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. दोन तासांचं काम दर दोन सेकंदांना एक चौकट टिपून घेतलं तर ३६०० चौकटी होतात आणि नेहमीच्या वेगाने ते दोन मिनिटांत दिसतं. फोटोच्या फाइलमध्ये घराचं नेमकं ठिकाण नोंदलेलं असू शकतं, मूळ फाइल कुणाला देण्याआधी ते काढून टाका. आणि चित्र काढलंत त्या क्षणी त्याचा कॉपीराइट तुमचा झाला. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही आणि तो तुमच्यानंतर ६० वर्षं टिकतो. दुसऱ्याच्या फोटोवरून चित्र काढलं असेल तर त्यालाही हाच कायदा लागू आहे, तेव्हा आधी विचारा.

एक गोष्ट मात्र या साऱ्या प्रवासात कुणालाच वाचवता येत नाही, ती म्हणजे आकार. पोस्टकार्डाएवढं चित्र आणि भिंतभर कॅनव्हास फोनवर सारखेच, तळहाताएवढे दिसतात. तेव्हा चित्र टाकाल तेव्हा खाली त्याची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहा, कागद कोणता आणि रंग कोणते तेही लिहा, आणि जमलंच तर एका फोटोत चित्राशेजारी आपला कुंचला ठेवा.